सरोवरावरचं दार

इसिक-कुल सरोवराच्या उत्तर काठावर, चोलपोन-आता गावाच्या जरा अलीकडे, पाण्यात आत गेलेला एक लाकडी धक्का आहे. त्या धक्क्यावर बुरुल नावाच्या बाईने वाइन बार आणि खानावळ काढली. समिती तपासायला येईपर्यंत त्या जागेत कोणताही दोष नव्हता.

बुरुलने वीस-बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. नकाशावर काठीने समुद्र दाखवण्यात निम्मं आयुष्य गेल्यावर एकदा ती भाचीबरोबर परदेशात अंताल्याला गेली. तिथे तिने खरा समुद्र तर पाहिलाच, पण त्याहून नवलाची एक गोष्ट पाहिली. पाण्याकाठच्या एका खानावळीत एक बाई एकटीच बसली होती. पुढ्यात तळलेला मासा, पाव आणि पांढऱ्या वाइनचा ग्लास. बाई घोट घ्यायची, समुद्राकडे बघायची, पुन्हा घोट घ्यायची. बस्स. तिच्या डोक्याशी उभं राहून कुणी भाषण करत नव्हतं. "आता तुम्ही दोन शब्द बोला," असं तिला कुणी म्हणत नव्हतं. बुरुल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, आणि परतीच्या विमानात तिने नवऱ्याला न विचारता निर्णय घेऊन टाकला.

आमच्याकडे ग्लास भरला की बोलावं लागतं. यजमानाच्या आरोग्यासाठी, देशाच्या शांततेसाठी, गैरहजर असलेल्यांसाठी आणि हजर असूनही झोपलेल्यांसाठी. ज्याचा मान मोठा तो आधी बोलतो, आणि मान मोठा असल्यामुळे त्याला कुणी थांबवत नाही. तोवर मटणावरची चरबी गोठते आणि हातातली वाइन कोमट होते. बुरुलला अशी एक जागा हवी होती जिथे माणसाने यावं, बसावं, खावं, प्यावं, पाण्याकडे बघावं आणि तोंडातून अवाक्षर न काढता घरी जावं. तिने जागेचं नाव ठेवलं 'तिंच', म्हणजे शांत. तिचा नवरा एसेन मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे स्वयंपाकाला दुसरा माणूस शोधावा लागला नाही.

अडचण एकच होती. धक्क्यात अर्धा वाटा थोरल्या दिराचा होता. दीर म्हणाला, "बुरुल, हा उन्हाळा तुझा. परवाना मिळाला, चाललं, तर आनंद आहे. नाही चाललं तर पुढल्या उन्हाळ्यापासून इथे लग्नाचा हॉल. तीनशे माणसं आणि माईक."

माईक हा शब्द ऐकला की बुरुल दोन्ही कानांवर हात ठेवायची. आमच्याकडचा उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. त्याच्या आत दर्जा समितीचा शिक्का मिळवायला हवा होता.

समिती जूनच्या अखेरीला आली. अध्यक्ष सातिबाल्दी, साठीला टेकलेले, पोट पुढे आणि फेल्टची टोपी त्याहून थोडी मागे. अग्निशमन विभागाचा मेलिस, ज्याला मोजपट्टी गळ्यात घालायची सवय होती. आणि आरोग्य विभागाची शारिपा, तिघांत लहान, सकाळपासून उपाशी. बुरुलने टेबलं जोडून ठेवली होती, एसेनने ट्राउट मासा तळायला घेतला होता, वाइन सरोवराच्या पाण्यात गार होत होती.

"या, बायके, या! कुठेही बसा!" बुरुल हसून म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बायके म्हणतात.

सातिबाल्दी थांबले. ते थांबले म्हणून मेलिस थांबला. मेलिस थांबला म्हणून शारिपा त्याच्यावर आदळली.

"कुठेही म्हणजे कुठे?" सातिबाल्दींनी विचारलं.

"म्हणजे जिथे आवडेल तिथे. सगळीकडून पाणी दिसतं."

"पाणी दिसतं गं. ते मला घरूनही दिसतं. तोर कुठाय?"

तोर म्हणजे मानाची जागा. दाराच्या बरोबर समोर, दारापासून सगळ्यात लांब. तंबू असो, फ्लॅट असो की दवाखान्यातली खोली असो, माणूस दारातून आत शिरतो, समोर बघतो, आणि आपण कोण आहोत हे त्याला तिथल्या तिथे कळतं. थोर माणूस तोरवर, बाकीचे उतरत्या क्रमाने, आणि अगदी दाराशी तो, ज्याने चहा ओतायचा. हजार वर्षं हे असंच चालू आहे आणि त्यात कधी गोंधळ झाला नाही, कारण हजार वर्षांत कुणी दार नसलेली खानावळ काढली नव्हती.

"बायके, काठावरून आलात ना फळीवरून? तेच दार समजा," शेगडीपाशी उभा असलेला एसेन म्हणाला. हे त्याचं त्या आठवड्यातलं सर्वात लांब वाक्य होतं.

सातिबाल्दींना ते पटलं. फळी हे दार धरलं तर तोर धक्क्याच्या टोकाला, पाण्याच्या बाजूला. ते तिकडे निघाले. पण मेलिसने नकाशा उघडला होता.

"साहेब, मंजूर नकाशात प्रवेश दोन आहेत. एक काठावरून, एक होडीने. ती बघा शिडी."

"मग?"

"मग होडीने आलेल्या माणसाला टोकाची बाजू म्हणजे दार. त्याचा तोर काठाकडे येतो."

"काठाकडे स्वच्छतागृह आहे," शारिपाने निदर्शनास आणलं.

सातिबाल्दी धक्क्याच्या मधोमध उभे राहिले. पुढे गेले तर होडीवाल्यांच्या दृष्टीने ते उंबऱ्यावर बसणार होते. मागे गेले तर स्वच्छतागृहाशेजारी. मेलिस म्हणाला, "तुम्ही आधी बसा." सातिबाल्दी म्हणाले, "छे छे, तुम्ही बसा." अध्यक्षांच्या आधी बसण्याइतका मेलिस वेडा नव्हता. शारिपाने एका खुर्चीला नुसता हात लावला, तर दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो काढून घेतला. मासे तळून झाले, ताटात आले, गार झाले. बुरुल खुर्च्या ओढत होती, "बसा ना हो, बसा," म्हणत होती, आणि एखाद्या लग्नात आहेर नाकारल्यासारखे तिघेही मान हलवत होते.

संध्याकाळी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: 'आस्थापनेत मानाची जागा आढळून आली नाही. त्यामुळे समितीला बसता आले नाही. बसता न आल्यामुळे खाता आले नाही. खाता न आल्यामुळे दर्जा निश्चित करता आला नाही. आस्थापनेने त्वरित दार बसवावे.'

"अहो, दार कशाला बसवू? कुठे बसवू? भिंत आहे का मला?" बुरुल डोक्याला हात लावून म्हणाली.

"भिंत मागितली आहे का त्यांनी?" एसेन म्हणाला.

त्यांनी खरंच भिंत मागितली नव्हती. एसेनने परसातल्या न्हाणीघराचं निळं दार चौकटीसकट उपटलं आणि फळी जिथे धक्क्याला मिळते तिथे उभं करून चार खिळे ठोकले. दाराच्या डाव्या बाजूला वारा होता आणि उजव्या बाजूलाही वाराच होता. शेजारची म्हातारी गाय हाकत आली, दाराकडे पाहून म्हणाली, "बरं झालं बाई, आता घरासारखं वाटतं," आणि गेली.

समिती दुसऱ्यांदा आली. सातिबाल्दींनी दारावर टकटक केली.

बुरुल दाराच्या दोन हात पलीकडे उभी होती. तिला ते तिघे दिसत होते, त्यांना ती दिसत होती. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "कोण आहे?"

"समिती."

"या, या!" तिने दार उघडलं. तिघे पाय पुसून आत आले. शारिपाने दार मागे ओढून घेतलं, वारा येऊ नये म्हणून.

आता सगळं कसं सुरळीत झालं! सातिबाल्दी सरळ टोकाला जाऊन तोरवर बसले, त्यांच्या खालोखाल मेलिस, आणि शारिपा दाराशी, चहाच्या किटलीजवळ. एसेनने अख्खा ट्राउट आणला आणि रिवाजाप्रमाणे डोकं अध्यक्षांच्या पुढ्यात केलं. आमच्याकडे मेंढा कापला की डोकं थोर पाहुण्याला, आणि थोर पाहुण्याने त्याचा कान कापून सगळ्यात लहानाला द्यायचा. सातिबाल्दींनी सुरी उचलली. माशाचं डोकं उलटं केलं, सुलटं केलं. पुन्हा उलटं केलं.

"कान कुठायत?"

"बायके, माशाला कान नसतात," बुरुल म्हणाली. भूगोलाच्या बाईला एवढं ठाऊक होतं.

"कुणालाच नसतात?"

"कुणालाच."

"मग मला काय मिळणार?" शारिपाने विचारलं. दुसरी तपासणी आली तरी तिच्या पोटात इथलं काही गेलं नव्हतं.

त्यानंतर वाइन आली. बुरुलने ग्लास भरले आणि मनाचा हिय्या करून म्हणाली, "बायके, आमच्याकडे एक पद्धत आहे. इथे बोलायचं नाही. नुसतं प्यायचं आणि पाण्याकडे बघायचं."

सातिबाल्दींनी ग्लास खाली ठेवला. "न बोलता प्यायचं? ते औषध. औषधाचा परवाना दुसऱ्या खात्याकडे." मग ते उठले आणि सरोवराच्या निर्मितीपासून सुरुवात करून बोलू लागले. ते बोलायचे थांबले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. खाली बसताना ते दुखावलेल्या सुरात म्हणाले, "आणि एक सांगू का बुरुल? पाणी पाणी म्हणतेस, पण मी मघापासून बसलोय, मला एक थेंब दिसला नाही. मला नुसतं ते दार दिसतंय."

हे खरं होतं. तोरवरचा माणूस दाराकडे तोंड करून बसतो, म्हणजे सरोवर त्याच्या पाठीशी. सगळ्यात सुंदर देखावा दाराशी बसलेल्या शारिपाला दिसत होता, आणि ती ताटाकडे बघत होती.

"मग खुर्ची फिरवून घ्या की," बुरुल म्हणाली.

"मंडळींकडे पाठ करून बसू? मी?"

दुसऱ्या अहवालात चार त्रुटी होत्या. 'एक: मानाच्या जागेवरून सरोवर दिसत नाही, दार दिसते. दोन: माशाला कान आढळले नाहीत. तीन: दार बसवल्यामुळे ही आस्थापना आता बंदिस्त जागा ठरते, बंदिस्त जागेला मुख्य दाराच्या समोर आपत्कालीन दार अनिवार्य आहे. चार: बंदिस्त जागेत हवा खेळती राहण्यासाठी खिडकी हवी, व खिडकीतून माश्या येऊ नयेत म्हणून जाळी हवी.'

दीर एक दिवस सहज म्हणून आला, धक्क्यावर पावलं टाकत फिरला आणि म्हणाला, "माईक इकडे ठेवला तर आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जाईल." बुरुल त्या रात्री झोपली नाही. सकाळी उठून तिने बाह्या वर केल्या.

खिडकी शाळेच्या मोडीतून मिळाली. ती दोन खांबांना दोर बांधून टांगली आणि तिला जाळी लावली. माश्या जाळीपाशी येत, विचार करत, आणि बाजूने आत जात. दारावर सरोवराचं चित्र काढायला गावातला एक रंगारी बोलावला. त्याने निळं पाणी काढलं, मागे बर्फाचे डोंगर काढले, आणि रंग उरला म्हणून दोन हंस काढले. चित्र इतकं झकास झालं की दाराशी उभं राहून लोक फोटो काढू लागले, खऱ्या सरोवराकडे पाठ करून. कानांचा प्रश्न एसेनने सोडवला. त्याने तळलेल्या ट्राउटच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी सुक्या जर्दाळूची एकेक फाक टोचली. मासा जरा चकित झाल्यासारखा दिसे, पण कान मात्र कानच वाटत.

आपत्कालीन दार तेवढं नडलं. नियमाप्रमाणे ते मुख्य दाराच्या बरोबर समोर हवं होतं, म्हणजे तोरच्या पाठीमागे, पाण्यावर उघडणारं. आणि दाराला लागून असलेली जागा म्हणजे मानाची जागा कशी असेल? ते दार उभं राहताच तोर पुन्हा नाहीसा झाला. मेलिस म्हणे, दार हवंच. सातिबाल्दी म्हणत, दार असेल तर मी बसणार नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि बुरुलच्या हातातून जुलै निसटत होता.

"एजे, मी एक सुचवू?" शारिपा हळूच म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती बुरुलला एजे म्हणू लागली होती, कारण काम कुठवर आलं ते बघायला ती एकटी येई तेव्हा बुरुल तिला जाताना पावात बांधून मासा द्यायची. "दार असू दे. पण त्यावर लिहा की हे दार नाही."

बुरुलने पाटी लावली: 'हे दार नाही.' मेलिसने तिच्या खाली नियमाप्रमाणे दुसरी पाटी लावली: 'आगीच्या वेळी या दारातून बाहेर पडावे.' दोन्ही पाट्या दोन्ही खात्यांनी तपासल्या आणि आपापली योग्य असल्याचा दाखला दिला.

तिसऱ्या खेपेला समिती बसली, जेवली, आणि सातिबाल्दींनी जर्दाळूचा कान कापून शारिपाला दिला. तिने तो डोळे मिटून खाल्ला. न बोलता पिण्याचा मुद्दा उरला होता, त्यावरही तोडगा निघाला. परवान्यात कलम आलं: 'ज्या ग्राहकास न बोलता प्यावयाचे असेल, त्याने उभे राहून तसे जाहीर करावे व त्यामागील कारणे उपस्थितांना सांगावीत.' शिक्का बसला. बुरुलने तो कागद छातीशी धरला आणि एसेनच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली.

आणि मग 'तिंच' अशी काही चालली की विचारू नका. राजधानी बिश्केकहून गाड्या भरभरून लोक येऊ लागले. कुणाला चित्रातलं सरोवर बघायचं होतं, कुणाला कानवाला मासा खायचा होता. न बोलता पिणाऱ्यांची कारणं तर इतकी गाजली की ती ऐकायला वेगळी गर्दी व्हायची. एक निवृत्त न्यायाधीश आपण का बोलू इच्छित नाही हे इतका वेळ सांगत बसले की त्यांच्या टेबलावर दोनदा पाव बदलावा लागला. सगळे त्या निळ्या दारातूनच यायचे. दाराच्या डावी-उजवीकडे धक्का मोकळा होता, पण तिकडून यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दाराशी रांग लागू लागली, आणि रांग लागते म्हणून आणखी लोक येऊ लागले. दीर स्वतः रांगेत उभा राहून जेवून गेला आणि माईकचं नाव काढेनासा झाला.

ऑगस्टच्या मध्यावर बूमच्या खिंडीतून वारा सुटला. दोन दिवस लाटा धक्क्यावर आपटत राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा दार फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. एसेनने खांदा लावला. मग बुरुल आणि एसेन दोघांनी मिळून लावला. दार हललं नाही.

बाहेर रांग फळीवरून काठापर्यंत आणि काठावरून रस्त्यापर्यंत गेली होती. सर्वात पुढे सातिबाल्दी होते, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी. नव्या व्याह्यांना तोरवर बसवायचं म्हणून त्यांनी ही जागा निवडली होती.

"काय झालं गं बुरुल?" ते दारावरून डोकावून म्हणाले. नीट सांगायचं तर दाराशेजारून डोकावून.

"फुगलंय बायके. उन्हाने सुकलं की उघडेल."

"असू दे, असू दे. थांबतो आम्ही." आणि ते व्याह्यांकडे वळून अभिमानाने म्हणाले, "मजबूत काम आहे. मीच बसवायला लावलं."

रांग उन्हात उभी राहिली. आत टेबलं मांडलेली, ग्लास पुसलेले, मासे मसाल्यात मुरवलेले, आणि माणूस एकही नाही. एवढ्यात धक्क्याच्या टोकाला शिडी करकरली आणि पाण्यातून एक माणूस वर आला. पन्नाशीपुढचा, टक्कल पडलेला, पोहायच्या चड्डीवर. पलीकडच्या आरोग्यधामात उतरलेला असावा. त्याने हाताने डोक्यावरचं पाणी निपटलं, न-दाराच्या कडेने आत आला, एक खुर्ची पाण्याकडे फिरवली आणि बसला.

"ताई, पांढरी वाइन मिळेल? आणि पाव असेल तर पाव."

बुरुलने आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. वाइन आणली, पाव आणला, सोबत मलईची वाटी ठेवली. त्या माणसाने घोट घेतला. सरोवराकडे पाहिलं. पुन्हा घोट घेतला. बोलला काही नाही. बुरुल शेगडीपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. हेच ते गिऱ्हाईक. याच्यासाठी तिने सगळा खटाटोप केला होता, आणि तो उन्हाळा संपता संपता का होईना, आला होता. एसेनने न सांगताच तव्यावर मासा टाकला, बिनकानाचा.

मग रांगेने त्याला पाहिलं.

"ओ काका! रांग दिसत नाही का?"

"सकाळपासून उभे आहोत आम्ही! येडे आहोत का?"

"हा कुठून घुसला?"

"तिकडून! जिथे दार नाही असं लिहिलंय तिथून!"

फळीवर ढकलाढकली सुरू झाली. मेलिस रांगेतच होता, त्याच्या सुट्टीचा दिवस होता, तरी त्याने गळ्यातली मोजपट्टी सावरली. "एजे, जरा ऐका. आत येतो तो दारातून. दार बंद आहे. म्हणजे हा माणूस कायद्याने अजून बाहेर आहे. आणि बाहेरच्या माणसाला तुम्ही वाइन दिलीत. उघड्यावर दारू विकणे. परवाना जाईल."

"अरे, पण तो समोर बसलाय ना माझ्या!"

"ते मला दिसतंय. मी कायद्याचं बोलतोय."

"बुरुल," सातिबाल्दी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं, "माझे व्याही बघतायत गं. काय म्हणतील? की इथे कुणीही येऊन बसतं?"

बुरुलने एकदा त्या माणसाकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. रांगेच्या शेवटाला दीर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा माईकचे भाव येऊ लागले होते. ती टेबलापाशी गेली.

"साहेब, माफ करा. इथे दारातून यावं लागतं."

त्या माणसाने वळून दाराकडे पाहिलं. चित्रातल्या हंसांकडे पाहिलं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडे पाहिलं. "ते?"

"ते."

"उघडतं का?"

"आज नाही उघडत. फुगलंय."

"मग मी काय करू?"

"बाहेर जाऊन रांगेत उभे राहा," बुरुल म्हणाली. आवाज तिचाच होता, आणि शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांना तो चांगला परिचयाचा होता.

माणूस भांडला नाही. त्याने ग्लास संपवला, शाल नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली. "छान जागा आहे, ताई. इथून पाणी फार सुंदर दिसतं. तुम्ही बसलात का कधी इथे?"

"नाही हो. वेळच मिळाला नाही," बुरुल म्हणाली.

तो शिडीवरून उतरला आणि संथ हात मारत निघून गेला. रांगेने टाळ्या वाजवल्या. सातिबाल्दींनी वाजवल्या, व्याह्यांनी वाजवल्या, मेलिसने शिट्टी मारली. फळीच्या मध्यावर उभी असलेली शारिपा तेवढी तव्यावरच्या माशाकडे बघत होती. आणि त्या टाळ्या ऐकून बुरुलला फार बरं वाटलं. ती हसली, तिने रांगेला हात केला, आणि पुन्हा दाराला खांदा लावायला गेली.

वाचक हो, तुम्हालाही हसू आलं असेल. यायलाच हवं. भिंत नाही आणि दारासमोर रांग, हे म्हणजे अतिच झालं. पण खरं सांगा, तो ओला माणूस शिडीवरून वर येऊन ऐटीत बसला, तेव्हा 'हा कसा मधेच घुसला?' असं अगदी एक क्षण तुमच्या मनात येऊन गेलं की नाही? गेलं असेल तर लाजू नका. जागा मिळेल. रांग आता मोठ्या रस्त्यापर्यंत आली आहे, तिच्या टोकाला उभे राहा, पुढच्याला ढकलू नका, आणि पाण्याच्या बाजूने कुणी येताना दिसलं तर लगेच ओरडा.